झाकायचा कोणता डोळा? तर्री-पोह्यांच्या गाडीवरचं एक प्रकरण

रुग्ण ५४ वर्षांचे गृहस्थ. नागपुरात सकाळी तर्री-पोह्यांची गाडी लावतात. मधुमेह बरीच वर्षं आहे. गोळ्या चालू, तपासणी मात्र जमेल तेव्हा. तक्रार: आठवड्यापासून एकाचे दोन दिसतात. त्याच कागदावर मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलेली दुसरी तक्रार अशी: "एक डोळा झाकला तं एकच दिसते मॅडम, पन हात भलतीकडंच जाते."

पहिली तक्रार आमच्या धंतोलीतल्या दवाखान्याला नवी नाही. दुसरी मात्र रुग्ण आपणहून क्वचित सांगतो. सांगितली तरी ऐकणारा "एक डोळा झाकल्यावर अंदाज चुकायचाच" म्हणून पुढे जातो. हे प्रकरण मी त्या दुसऱ्या तक्रारीसाठी लिहिते आहे. वस्तू कोणत्या दिशेला आहे हे आपले दोन डोळे मिळून कसं ठरवतात, याचं उत्तर त्या एका वाक्यात दडलेलं होतं. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. निदान आणि औषध नेत्रतज्ज्ञांचं, मोजमाप माझं. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कसं सुरू झालं

एका पहाटे गाडी लावायला निघाले आणि रस्त्यावरचे दिवे जोडीनं दिसायला लागले. आधी वाटलं, झोप झाली नाही. उजाडल्यावर मेट्रोच्या खांबांचंही तेच, एकाशेजारी दुसरा. पण गल्ल्यातल्या नोटा एकेकच दिसत होत्या आणि हातातलं वर्तमानपत्रही नीट वाचता येत होतं. लांब पाहिलं की दोन. डावीकडे नजर नेली की पुन्हा एक. उजवीकडे नेली की दोन, आणि जितकं उजवीकडे जावं तितकी त्या दोघांमधली फट मोठी. डोकेदुखी नाही, उलटी नाही, तोंड वाकडं नाही, हातापायांची ताकद गेलेली नाही. कोणताही एक डोळा झाकला की दुसरी प्रतिमा नाहीशी.

ही शेवटची ओळ आमच्यासाठी निम्मं निदान असते. एक डोळा झाकूनही दोन दिसत असेल तर दोष बहुतेक त्या उघड्या डोळ्याच्याच आत असतो: मोतीबिंदू, कोरडेपणा, चष्म्याचा नंबर. कोणताही एक झाकल्यावर एकच दिसत असेल तर प्रत्येक डोळा आपापलं काम नीट करतोय आणि बिघडलाय तो दोघांचा मेळ.

आता पट्टीची गोष्ट. काकूंचे, म्हणजे रुग्णाच्या पत्नीचे, भाऊ सुतारकाम करतात. त्यांच्या मुलीचा एक डोळा लहानपणी आळशी होता, आणि डॉक्टरांनी तिच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावलं होतं. उपाय लागू पडला होता, मुलीची नजर सुधारली होती. त्यामुळे भावाचं म्हणणं होतं, "भाऊजी, चांगला डोळा झाका. बिमार डोळ्याले मेहनत करू द्या." काकांचा उजवा डोळा नाकाकडे वळलेला सगळ्यांना दिसत होता, म्हणून डाव्यावर पट्टी लागली. दोनाचं एक झालं आणि सगळ्यांना वाटलं, जमलं.

दुसऱ्या सकाळी गर्दीच्या वेळी पळीतली तर्री प्लेटीच्या बाहेर पडली. मग पुन्हा पडली. काका म्हणाले, "सावकाश केलं तं जमते. घाईत केलं का चुकते." काकूंनी मात्र याहून मोलाची गोष्ट सांगितली: "रोज उजवीकडचंच पुसावं लागते मॅडम. डावीकडं एक थेंब नाही." पहिले दोन दिवस फारच सांडत होतं, नंतर जरा कमी झालं, असंही त्या म्हणाल्या.

मी थांबले ती इथे. एक डोळा झाकल्यावर अंदाज चुकतो हे खरं आहे, पण तो चुकतो अंतराचा. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून पाहा. दोरा सुईच्या अलीकडे थांबतो किंवा पलीकडे जातो, डावी-उजवी चूक सहसा होत नाही. अंतर ओळखायला दोन डोळ्यांचा मोठा आधार असतो. दिशा एकट्या निरोगी डोळ्यालाही जवळपास बरोबर कळते. इथे अंतर चुकत नव्हतं, दिशाच चुकत होती, आणि दरवेळी एकाच बाजूला. हा अंदाजाचा ढिलेपणा नव्हता. डोळ्याची आणि हाताची गणितं एका ठरावीक फरकानं सरकली होती.

तपासणी

दवाखान्यात शिरतानाच काकांचा चेहरा उजवीकडे वळलेला होता आणि नजर तिरकी डावीकडून आमच्यावर. गिऱ्हाइकांना वाटत होतं, हे आपल्याशी बोलताना दुसरीकडे पाहतात. प्रत्यक्षात त्यांनी नकळत तीच एक दिशा शोधली होती जिथे त्यांना एक दिसत होतं. चेहरा उजवीकडे केला की समोरचं पाहायला डोळे डावीकडे ठेवावे लागतात, आणि मग उजव्या डोळ्याला बाहेर वळायची गरजच पडत नाही.

दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्यासह उत्तम. बाहुल्या सारख्या, प्रकाशाला व्यवस्थित आकुंचन पावणाऱ्या. पापणी पडलेली नाही. उजवा डोळा कानाच्या दिशेला मध्यरेषेच्या जेमतेम पुढे जात होता. बाकी सगळ्या हालचाली पूर्ण. उजव्या डोळ्यासमोर लाल आणि डाव्यासमोर हिरवी काच ठेवून दिवा दाखवला तर लाल दिवा हिरव्याच्या उजवीकडे, आणि दिवा उजवीकडे नेला की फट वाढत होती.

मग प्रिझमनं मोजलं. डाव्या डोळ्यानं रोखून पाहताना ६ मीटरवर वळण २० प्रिझम डायॉप्टर (हे वळण मोजायचं एकक, आकडा मोठा तितकं वळण जास्त), जवळच्या वस्तूकडे पाहताना ८. उजव्या डोळ्यानं रोखायला लावलं आणि पट्टीमागचा डावा डोळा किती वळतो ते मोजलं, तर ३५. हा ३५ चा आकडा या प्रकरणाची किल्ली आहे, त्याच्याकडे येतेच.

शेवटी बोटाची चाचणी. साधी आहे, यंत्र लागत नाही. हनुवटीखाली आडवा पुठ्ठा धरला म्हणजे स्वतःचा हात दिसत नाही. पुठ्ठ्याच्या पलीकडच्या काठावर मी पेन उभा धरला आणि काकांना खालून झटक्यात त्या पेनाखाली बोट न्यायला सांगितलं. बोटाला स्केचपेनची शाई, पुठ्ठ्याच्या खालच्या बाजूला कोरा कागद. फक्त डावा डोळा उघडा असताना ठिपके पेनाच्या बरोबर खाली पडले. फक्त उजवा उघडा असताना सगळे ठिपके पेनापासून चार बोटं उजवीकडे. हात दिसत नसल्यामुळे वाटेत सुधारायची सोय नव्हती. गाडीवर सावकाश वाढताना ते हात पाहत पाहत चूक दुरुस्त करत होते, घाईत तेवढा वेळ मिळत नव्हता. म्हणून "सावकाश केलं तं जमते".

काकांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "पेन तं मले साफ दिसून राह्यला होता. मग बोट काऊन तिकडं गेलं?"

पेन साफ दिसत होता, तरी बोट का चुकलं

डोळ्याला बाहेर, कानाकडे वळवणारा स्नायू प्रत्येक बाजूला एक असतो आणि त्याला आज्ञा पोचवणारी नस वेगळी असते, सहावी. आम्ही तिला सिक्स्थ नर्व्ह म्हणतो. मेंदूच्या तळाशी हिचा प्रवास लांब आणि अडचणीचा आहे, त्यामुळे ती अनेक कारणांनी अडखळते. या वयात आणि मधुमेहात नेहमीचं कारण म्हणजे नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांचा अडथळा. काकांची उजवी सहावी नस अशीच थकली होती. बाहेर ओढणारा स्नायू ढिला पडला, आत ओढणाऱ्याला विरोध उरला नाही, आणि डोळा नाकाकडे गेला. जवळचं पाहताना डोळे तसेही आत वळावे लागतात, म्हणून वर्तमानपत्र एकच होतं आणि मेट्रोचा खांब दोन.

दोन दिसण्याचं कारण पडद्यावर आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या प्रत्येक जागेला मेंदूनं दिशा नेमून दिलेली असते. पडद्याच्या मध्यबिंदूवर पडलं ते 'समोर', त्याच्या नाकाकडच्या भागावर पडलं ते 'बाहेरच्या बाजूला'. दोन्ही डोळ्यांतल्या जागांच्या जोड्या ठरलेल्या असतात, आणि एका जोडीवर पडलेली प्रतिमा एकाच दिशेला दिसते. काकांचा डावा डोळा खांबावर बरोबर रोखलेला, त्यामुळे तिथली प्रतिमा मध्यबिंदूवर. उजवा डोळा आत वळलेला, म्हणून तीच प्रतिमा त्याच्या पडद्यावर नाकाकडच्या भागात. उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या भागाची दिशा उजवी, म्हणून दुसरा खांब पहिल्याच्या उजवीकडे. डोळा डावीकडे वळलाय आणि प्रतिमा उजवीकडे गेलीय, हे ऐकायला उलट वाटतं. पण डोळा वळलाय हे मेंदूला ठाऊकच नाही. त्यानं वळायला सांगितलेलं नाही.

हेच पुढचंही सूत्र आहे. पडदा फक्त एवढं सांगतो की वस्तू डोळ्याच्या मध्यरेषेपासून किती बाजूला आहे. डोळा स्वतः कुठे वळलाय हे कळल्याशिवाय त्यातून अंगाच्या संदर्भातली दिशा निघत नाही. ती माहिती मेंदू मुख्यतः स्वतःच्या आज्ञेवरून घेतो: मी डोळ्यांना किती वळायला सांगितलं? हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हे अगदी साध्या प्रयोगानं दाखवलं. एक डोळा मिटा आणि उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात पापणीवरून बोटानं अगदी हलका दाब द्या. समोरची खोली सरकते. तेवढाच डोळा आपण आपल्या इच्छेनं फिरवला तर खोली जागच्या जागी. पहिल्या वेळी डोळा हलला पण आज्ञा गेली नव्हती, म्हणून मेंदूनं हललेपणा जगाच्या नावावर टाकला. काचबिंदू असलेल्यांनी किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी हे करून पाहू नये.

आता ३५ चा आकडा. एव्हाल्ड हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८६८ साली मांडलं की मेंदू दोन डोळ्यांना दोन वेगळ्या आज्ञा देत नाही. एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखी दोघांना एकच आज्ञा जाते, आणि ताकदही सारखीच जाते. मेंदूची आतली जोडणी पाहिली की याचा शारीरिक आधार दिसतो. सहाव्या नसेच्या केंद्रातून काही तंतू त्याच बाजूच्या बाहेर ओढणाऱ्या स्नायूकडे जातात, आणि तिथल्याच दुसऱ्या पेशी मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या डोळ्याच्या आत ओढणाऱ्या स्नायूच्या केंद्राला निरोप देतात. उजवीकडे पाहा, असं ठरलं की उजवा डोळा बाहेर आणि डावा डोळा आत, एकाच हुकमानं.

डाव्या डोळ्यावर पट्टी लागली तेव्हा पाहायचं काम उजव्यावर आलं. तो नाकाकडे वळलेला, त्याला समोर आणायचं तर लुळ्या स्नायूला भरपूर जोर लावायला सांगावं लागतं. तेवढाच जोर पट्टीमागच्या डाव्या डोळ्याच्या धडधाकट स्नायूलाही गेला, आणि तो डोळा पट्टीआड खूप आत वळला. हेच ते ३५. म्हणजे नुसतं समोर पाहण्यासाठी मेंदू 'बरंच उजवीकडे' अशी आज्ञा देत होता. त्याच्या हिशेबात डोळे उजवीकडे वळलेले, आणि पेन पडद्याच्या मध्यबिंदूवर. मग पेन उजवीकडेच असणार. हात तिकडे गेला. हातानं काहीच चुकीचं केलं नाही, मिळालेल्या हिशेबाप्रमाणे तो अचूकच गेला.

डाव्या डोळ्यानं पाहताना आज्ञा साधी, 'समोर'. लुळा डोळा कुठेही वळलेला असो, आज्ञेत त्याचा तिढा नाही. म्हणून डाव्या डोळ्याचे ठिपके पेनाखाली.

सुतारभाऊंचा प्रश्न

भाऊ सोबतच आले होते. त्यांना हे पटलं नाही, आणि त्यांचा मुद्दा खरंच चांगला होता. "मॅडम, आमी फळी सरळ हाय का वाकडी हे एक डोळा मिटूनच पाह्यतो. दोन डोळ्यांनं ते कळतच नाही. मग एका डोळ्याले दिशा कळत नाही असं कसं?"

रंधा मारल्यावर फळीची कड डोळ्याशी धरून ते जे पाहतात तो प्रश्न दिशेचा नाही, एकरेषेचा आहे. कडेचं जवळचं टोक आणि लांबचं टोक एकावर एक येतात का, एवढंच पाहायचं. दोन्ही टोकं त्याच एका डोळ्याच्या पडद्यावर पडतात, त्यामुळे डोळा कुठे वळलाय यानं फरक पडत नाही. काकांचा उजवा डोळासुद्धा फळी अचूक तपासेल. पण खिळा ठोकायचा तर 'खिळा माझ्यापासून कोणत्या बाजूला' हे कळावं लागतं, आणि तिथे डोळ्याची आज्ञा हिशेबात येते. मी त्यांना विचारलं, खिळा ठोकताना एक डोळा मिटता का? ते म्हणाले, "नाही बाप्पा."

मग त्यांना खिडकीपाशी नेलं. हा प्रयोग हेरिंगच्या १८७९ सालच्या लिखाणातला आहे, आणि माझ्या मते या विषयात याहून चांगलं काही नाही. खिडकीच्या काचेवर नाकासमोर, हातभर अंतरावर, मार्करनं ठिपका काढायचा. डोकं न हलवता डावा डोळा मिटून उजव्यानं ठिपक्यातून पलीकडे काय दिसतं ते पाहायचं. आमच्या खिडकीतून तिथे डावीकडचा कडुनिंब येतो. मग उजवा मिटून डाव्यानं पाहायचं. तिथे उजवीकडच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी. आता दोन्ही डोळे उघडून ठिपक्यावर नजर रोखायची. भाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, "टाकी झाडात घुसली." ठिपका, कडुनिंब आणि टाकी तिन्ही नाकासमोर एकाच रेषेत, कधी झाड वरचढ तर कधी टाकी.

प्रत्यक्षात झाड आणि टाकी यांच्यात दोन घरांचं अंतर आहे. तरी दोन्ही एकाच दिशेला दिसतात, आणि ती दिशा ना उजव्या डोळ्यापासून निघते ना डाव्यापासून. दोघांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी एक डोळा असावा आणि त्यानं पाहावं, तशी ती दिशा असते. शास्त्रात याला सायक्लोपियन डोळा म्हणतात. तिथे अर्थातच डोळा नाही, मेंदूचा हिशेब त्या जागेपासून सुरू होतो एवढंच. अगदी लहान मुलाच्या हातात कागदाची नळी देऊन "यातून बघ" म्हटलं तर ते कित्येकदा ती एका डोळ्याला न लावता दोन्ही डोळ्यांच्या मधे धरतं. ही जाण जुनी आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमीनं आणि अकराव्या शतकात कैरोत इब्न अल-हैथमनं फळीवर वस्तू मांडून दोन डोळ्यांना त्या कुठे दिसतात याचे प्रयोग केले होते. १७९२ साली विल्यम चार्ल्स वेल्सनं त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. हेरिंगच्या हाती आल्यावर त्याचे नियम झाले.

या मधल्या डोळ्याच्या हिशेबात झाकलेला डोळाही मोजला जातो, आणि लोकांना हे फारसं माहीत नसतं. हेही करून पाहता येतं. डावा डोळा मिटा. उजव्यासमोर बोट असं धरा की ते लांबच्या एखाद्या खांबाच्या बरोबर रेषेत येईल. आता नजर खांबावरून बोटावर आणा, पुन्हा खांबावर न्या. उजवा डोळा जागचा हललेला नसतो, कारण दोन्ही वस्तू त्याच्याच रेषेत आहेत. तरी जवळ पाहताना सगळं किंचित उजवीकडे सरकल्यासारखं वाटतं. मिटलेला डावा डोळा पापणीआड आत, म्हणजे उजवीकडे वळलेला असतो, आणि दोघांच्या वळण्याची सरासरी बदललेली असते. डोळा झाकून त्याला कामावरून काढता येत नाही. तो फक्त पाहायचा थांबतो, जोडीत राहतोच.

एवढं झाल्यावर भाऊंनी स्वतःहून काकांच्या डाव्या डोळ्याची पट्टी काढली.

त्यांच्या मुलीचा उपचार मात्र बरोबर होता, हे मी त्यांना आवर्जून सांगितलं. आळशी डोळ्यात स्नायूची नस ठीक असते, मेंदूनं त्या डोळ्याच्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करायची सवय लावून घेतलेली असते. बालवयात चांगला डोळा झाकून ती सवय मोडता येते. काकांच्या उजव्या डोळ्याची नजर पहिल्यापासून उत्तम होती. थकलेली नस मेहनतीनं लवकर बरी होत नाही, तिला रक्त आणि वेळ लागतो. दोन्हीकडे पट्टीच, पण दुखणं वेगळं, म्हणून डोळाही वेगळा.

काय केलं

नेत्रतज्ज्ञांनी बाकीच्या नसा, पडदा आणि त्यातली मज्जेची चकती, म्हणजे दृष्टीची नस पडद्याला मिळते ती जागा, पाहिली. चकतीला सूज नव्हती, आणि हे पाहणं अत्यावश्यक असतं. डोक्यातला दाब वाढला तरी सहावी नस अशीच दगा देते, आणि तिथे थांबून चालत नाही. रक्तदाब किंचित वर, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ९.६ टक्के. फिजिशियनकडे पाठवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, किंवा डोकेदुखी, पापणी पडणं, तोल जाणं असं काही नवीन सुरू झालं, तर लगेच एमआरआय.

पट्टी उजव्या डोळ्यावर गेली, तीही गाडीवर आणि बाहेर असतानाच. घरी चेहरा वळवून एक दिसत असेल तर पट्टी नको. त्या दिवशीच बोटाची चाचणी पुन्हा केली, ठिपके पेनाखाली. गाडीची मांडणीही बदलायला सांगितली. तर्रीचा गंज उजव्या हाताशी होता, तो डावीकडे घ्यायचा, आणि प्लेटी त्याच्याही डावीकडे. पट्टी नसतानाही डाव्या बाजूला त्यांना एकच दिसत होतं. काकूंना हा बदल औषधापेक्षा जास्त आवडला.

मोटारसायकल पूर्ण बंद. यावर काका नाराज झाले, म्हणून गणित करून दाखवलं. १ प्रिझम डायॉप्टर म्हणजे १ मीटर अंतरावर १ सेंटिमीटरचा फरक. २० असेल तर ६ मीटरवरचा दिवा आणि त्याची जोड यांत १२० सेंटिमीटर. ३० मीटरवरून समोर येणारा ट्रक आणि त्याचा दुसरा ट्रक यांत ६ मीटर, म्हणजे शेजारच्या लेनच्याही पलीकडे. आणि पट्टी लावून चालवू म्हटलं तर उजवीकडून येणारं वाहन डोकं वळवल्याशिवाय दिसणार नाही. ते गप्प झाले आणि गाडीच्या किल्ल्या काकूंकडे गेल्या.

चौथ्या आठवड्यात वळण १४ वर आलं. तेव्हा उजव्या चष्म्याच्या काचेवर फ्रेनेल प्रिझमची पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवली, जाड बाजू कानाकडे. प्रिझममधून पाहताना वस्तू त्याच्या निमुळत्या बाजूकडे सरकलेली दिसते. उजव्या डोळ्याची प्रतिमा उजवीकडे पडत होती, ती नाकाच्या बाजूनं सरकून डाव्या डोळ्याच्या प्रतिमेवर येऊन बसली. प्रिझम लावल्या लावल्या काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं, पुन्हा लावला. फ्रेनेलमुळे थोडं धुरकट दिसतं आणि उजवीकडे पाहिल्यावर दोन होतातच, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर रुग्ण दोन दिवसांत ते काढून ठेवतो. सातव्या आठवड्यात ८ ची पट्टी लावली. अकराव्यात २ उरलं आणि तेवढं डोळे आपापसात सांभाळून घेतात, म्हणून प्रिझम काढला.

एक गोष्ट मला या प्रकरणात नोंदवून ठेवावीशी वाटते. काकू म्हणाल्या होत्या की डाव्या डोळ्यावर पट्टी असतानाही आठवड्याभरात सांडणं कमी झालं. तेही खरंच असणार. हात आणि डोळा यांचा हिशेब मेंदू नव्यानं जुळवत राहतो. हेल्महोल्ट्झनंच प्रिझमचा चष्मा लावून वस्तूंकडे हात नेले होते: सुरुवातीला हात चुके, थोड्या सरावानं बरोबर जाई, आणि चष्मा काढला की उलट बाजूला चुके. म्हणून बोटाची चाचणी डोळ्याचा स्नायू नुकताच लुळा पडला असेल तेव्हा ठळक येते आणि जुन्या प्रकरणात पुसट होत जाते. काका महिनाभर तसेच राहिले असते तर त्यांचा हात बहुधा शिकला असता, आणि आम्हाला त्या कागदावर काही दिसलं नसतं. असा रुग्ण लवकर आला तर ही चाचणी पहिल्याच दिवशी करून कागद फाइलला लावावा, असं माझं मत आहे. नंतर ती माहिती परत मिळत नाही.

बाराव्या आठवड्यात उजवा डोळा पूर्ण बाहेर जात होता. अगदी टोकाला नजर नेली तरच दिव्याला बारीकशी जोड दिसे. उजव्या एकट्या डोळ्यानं बोट पेनाखाली, आणि दोन्ही बाजूंनी मोजलेलं वळण आता सारखंच. म्हणजे समोर पाहायला मेंदूला जास्तीची आज्ञा द्यावी लागत नव्हती. डॉक्टरांनी दिवसा मोटारसायकल चालवायला हरकत नाही म्हटलं.

एचबीएवनसी मात्र तेव्हाही ८.१ होती. साखर अशीच राहिली तर हीच नस, दुसऱ्या बाजूची किंवा पापणी उघडणारी तिसरी नस पुन्हा जाऊ शकते, हे काकांना आणि काकूंना समोर बसवून सांगितलं. पुन्हा कधी दोन दिसले तर घरी स्वतःच्या मनानं पट्टी लावू नये आणि त्याच दिवशी यावं. येण्याआधी डोळे एक एक करून झाकून एवढं पाहून यावं: कोणता डोळा झाकल्यावर कोणत्या बाजूची प्रतिमा जाते, आणि फट कोणत्या बाजूला पाहताना वाढते. काकूंनी ते त्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिली आहे.